भोरच्या तांब्याबाई

लघवी करून आलेल्या पोराला बाई सरळ बाहेर बसवायच्या. पोर तापानं फणफणलेलं असो, त्याची आई दोन गाड्या बदलून आलेली असो, बाकावर माणसांची दाटी असो, बाईंचा पहिला प्रश्न एकच, "शू करून आलाय का?" आईनं कौतुकानं मान हलवली की बाईंचा चेहरा पडायचा. "कशाला नेलंत हो! बसा आता बाहेर. मंदा, यांना तांब्या दे."

आता यात त्या बिचाऱ्या आयांची काय चूक? आमच्याकडे पोराला वळण लावायचं म्हणजे सुरुवात इथूनच होते. एसटीत चढण्याआधी, देवळात शिरण्याआधी, पाहुण्यांच्या घरात पाऊल टाकण्याआधी पोराला आडोशाला न्यायचं आणि "करून घे" म्हणायचं. डॉक्टरांच्या टेबलावर पोरानं भिजवलं तर लाज आईची जाते. म्हणून भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यातली प्रत्येक शहाणी आई बाईंच्या दारापर्यंत यायची आणि दारातूनच वळून पोराला आधी मोकळं करून आणायची. बाईंना तर लघवीची पिशवी भरलेली हवी असायची. भरलेली असली तरच ती सोनोग्राफीत नीट दिसते, तिच्या भिंती दिसतात. मग पोराला लघवीला पाठवून पुन्हा बघायचं, आत किती उरली ते. "रिकाम्या पिशवीत काय बघू, माझं कपाळ?" हे शब्द बाईंचेच.

दवाखान्याच्या पाटीवर बाईंचं नाव होतं आणि नावामागे पदव्यांची भलीमोठी शेपटी होती. ती कोणी वाचली असेल असं मला वाटत नाही. बाकाशेजारी स्टुलावर पाण्यानं भरलेला पितळी तांब्या आणि त्यावर पालथं घातलेलं फुलपात्र, ही त्यांची खरी पाटी. स्टँडवर उतरून कडेवर पोर घेऊन कुणी गोंधळल्यासारखं उभं राहिलं की रिक्षावाले आपणहून विचारत, "तांब्याबाईंकडं जायचंय न्हवं? ही मागची गल्ली." बाईंच्या कानावर हे नाव गेलेलं होतं. त्या म्हणायच्या, "बरं आहे, भांड्याच्या दुकानात कोणी जाणार नाही चुकून."

मला पहिल्या भेटीत बाई मुळीच आवडल्या नाहीत. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना वळण लावते, आणि ही बाई सगळ्यांदेखत मला सांगते की पोरीला लघवीला नेऊन मी घोळ घातला! माझी तनू तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. माझं सासर गुंजवणे, राजगडाच्या पायथ्याशी. तनूला महिना-दोन महिन्यांनी ताप यायचा. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. सासूबाई म्हणायच्या, "दाढा येत्यात तिला." दाढा येऊन गेल्या, ताप काही गेला नाही. मग नजर लागली असं ठरलं. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत पडू लागल्या. डॉक्टरांचं एक गोड औषध घरात कायमचंच असायचं, त्यानं ताप उतरायचा, पोर खेळायला लागायची आणि आम्ही सगळे विसरून जायचो.

एकदा माहेरी उत्रोलीला आले असताना तिला असाच ताप भरला. भावानं आम्हाला मोटरसायकलवर घालून भोरला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लघवी तपासायला लावली, तीत दोष निघाला, आणि तो पुन्हा पुन्हा का होतो ते बघायला त्यांनी बाईंकडे पाठवलं. मी सासूबाईंना मोबाईलवर कळवलं तर त्या म्हणाल्या, "सोनूग्राफी पोटुशा बायांची असती. पोरीची कशापायी? लोकं काय म्हनतील?" लोक काय म्हणतील याची मलाही धाकधूक होतीच. त्यात बाईंनी तासभर बाकावर बसवलेलं. मी तांब्यातलं पाणी ओतत होते, तनू मुकाट्यानं पीत होती, आणि मी मनातल्या मनात बाईंना बरंच काही सुनावत होते.

शेवटी तनू म्हणाली, "आई, लागली." मंदाताई, म्हणजे बाईंच्या मदतनीस, धावतच आल्या आणि तिला उचलून आत घेऊन गेल्या. आत अंधार होता आणि यंत्राचा पडदा तेवढा उजळलेला. बाईंनी जेल आधी स्वतःच्या तळहातावर घेतलं आणि दोन्ही हात चोळत बसल्या. मला वाटलं, ही काय नवी तऱ्हा. तर म्हणाल्या, "गार जेल पोटावर पडलं की पोर आक्रसतं. मग अर्धा तास त्याची समजूत काढा. त्यापेक्षा माझे हात चिकट झालेले परवडले." मग यंत्राचा तो पोटावर फिरवायचा भाग हातात घेऊन तनूला म्हणाल्या, "मी आता तुझ्या पोटाला इस्त्री करणार."

"पोटावं कापडं न्हाईत," तनू म्हणाली.

"म्हणूनच सुरकुत्या पडल्यात. बघू बरं. ते काळं काळं दिसतंय ना, ते तुझं पाणी."

"आमच्या धरणावानी?"

"अगदी तस्संच. धरण भरलंय का ते बघते हं मी."

तनूला आमच्या गावाजवळच्या धरणाचं भारी कौतुक. सासूबाईंसमोर मात्र आम्ही त्याचं नाव काढत नाही, त्यांची भाताची चांगली खाचरं त्या पाण्याखाली गेली. तनू त्या दिवशी हसत होती आणि मीही जरा सैल झाले होते. तेवढ्यात बाई बोलायच्या थांबल्या. इस्त्री तनूच्या पाठीकडे डाव्या बाजूला गेली आणि तिथंच फिरत राहिली. बाई गप्प झाल्या याचा अर्थ काय, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला वाटलं, त्यांचं लक्ष लागलंय.

वाईट बातमी अंधारात सांगायची नाही, असा बाईंचा नियम होता. पोराचं पोट स्वतः पुसायचं, त्याचे कपडे नीट करायचे, दिवा लावायचा, पोराला बिस्किट देऊन मंदाताईंकडे पाठवायचं आणि आईला खुर्चीत बसवायचं. मग बोलायचं. एकदा मला म्हणाल्या होत्या, "अंधारात ऐकलेलं माणसाला पुढे कायम अंधारातच आठवतं. निदान खिडकी तरी दिसू दे तिला." आयांना त्या त्यांच्या नावानं कधी हाक मारत नसत. मी त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून 'तनूची आई'.

"तनूची आई, तुम्ही शेतकऱ्यांच्या घरातल्या ना? शेतात पाण्याला दारं धरतात, इकडचं बंद करायचं, तिकडचं उघडायचं, तसं आपल्या पोटातही असतं. किडनीतून लघवी खाली पिशवीत उतरते, ती परत वर जायला नको. हिच्यात एक दार नीट लागत नाहीये, असा मला संशय आहे. पाणी मागे फिरून वर चढतं आणि जंतूंना बरोबर घेऊन जातं. खात्री पुण्याला होईल." मग म्हणाल्या, "डावी किडनी लहान राहिलीय. तापांनी खाल्लीय ती. उजवीवरही थोडे डाग आहेत, पण उजवी चांगली आहे. आता सगळी भिस्त उजवीवर. पोर वाढेल तशी ती वाढली पाहिजे. आपण तेवढंच बघत राहायचं."

पुण्यालाही बाई म्हणाल्या तेच निघालं. औषधं झाली, पुढे ऑपरेशन झालं, दार दुरुस्त झालं. पण जे डाग पडले होते ते पडलेच होते. तेव्हापासून आमच्या घराचं सगळं लक्ष एका गोष्टीकडे लागून राहिलं, तनूची उजवी वाढते का.

बाईंना स्वतःच्या यंत्राचा अजिबात गर्व नव्हता. लोकांनाच तो फार. सोनोग्राफी झाली म्हटल्यावर आता लघवी कशाला तपासायची, असं म्हणणारे बाप मी बाकावर बसून कितीतरी ऐकले. बाई त्यांना हात जोडायच्या. "मला जंतू दिसत नाहीत हो. जंतू लॅबमध्ये दिसतात. त्यांनी घरात शिरून काय नासधूस केली, तेवढी मला दिसते. चोर पकडायला तिकडे जा, पंचनाम्याला माझ्याकडे या."

अगदी तान्ह्या बाळांची लघवी तपासायला घेणं म्हणजे तर मोठा सोहळा असायचा. बाळाला सांगून थोडीच होते? मग बाई बाळाच्या ओटीपोटावर इस्त्री ठेवून पिशवी कितपत भरली ते बघायच्या आणि भरत आली की बाप असेल त्याच्या हातात निर्जंतुक बाटली द्यायच्या. बाळाला पुसून स्वच्छ करायचं आणि बापानं डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं. पानशेतला हॉटेल चालवणारे एक धिप्पाड गृहस्थ असेच पांढऱ्याशुभ्र शर्टात बाटली धरून उभे होते. "बाई, न्हाई व्हत अजून," असं म्हणायला त्यांनी मान वळवली आणि तेवढ्यात बाळानं कार्यभाग उरकला. बाटली कोरडी, शर्ट ओला. बाई हसत हसत खुर्चीतच बसल्या. "अहो, माझ्याकडे काय बघताय? माझ्याकडून काय येणार होतं?" ते गृहस्थही हसले आणि बाळाला पाजून झाल्यावर तसेच ओल्या शर्टानं पुन्हा उभे राहिले.

"सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप? लघवी तपासा." हे वाक्य बाईंनी आयुष्यात किती जणांना ऐकवलं असेल कोण जाणे. भाजीवालीला, कंडक्टरला, लग्नात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला. मी एकदा त्यांना आमच्या शाळेत माता-पालकांच्या मेळाव्याला बोलावलं. गुंजवण्यापर्यंत त्या आल्या, सत्कार नको म्हणाल्या, माईक हातात घेतला, तेच वाक्य सावकाश म्हटलं, मग म्हणाल्या, "आता सगळ्यांनी म्हणा." बायका लाजत लाजत म्हणाल्या. बाईंनी पुन्हा म्हणून घेतलं आणि खाली बसल्या. झालं भाषण. मुख्याध्यापक माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी आभाराचं भाषण चांगलं लांबलचक तयार केलं होतं. पण ते वाक्य गावातल्या बायकांना आजही पाठ आहे, आणि मुख्याध्यापकांचं आभाराचं भाषण मलाही आठवत नाही.

त्या मेळाव्यातच सासूबाईंची आणि बाईंची गाठ पडली. सासूबाई पदर सावरत पुढे गेल्या आणि म्हणाल्या, "तुमी आमच्या तनूच्या डाक्तर व्हय? म्या तिची दृष्ट काढती त्ये तुमास्नी चालत न्हाई म्हनं." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई शांतपणे म्हणाल्या, "कोण म्हणतं? खुशाल काढा. फक्त आधी लघवी तपासायला पाठवा आणि मग काढा. क्रम तेवढा चुकवू नका." सासूबाईंना हे एकदम पटलं. देवाचं आणि डॉक्टरचं दोन्ही राखणारी अशी बाई त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. तेव्हापासून आम्ही भोरला निघालो की पिशवीत आंबेमोहोर तांदूळ असायचेच. बाई आधी रागवायच्या आणि मग भात किती मऊ झाला होता ते पुढच्या भेटीत सांगायच्या.

आमच्या भेटी आधी सहा महिन्यांनी आणि मग वर्षाला व्हायच्या. नसरापूरला गाडी बदलून भोर. जाताना मी तनूशी उगाच भांडायची, तिच्या केसांवरून, चपलांवरून. तिला वाटायचं आईचा स्वभावच तसा. ते खोटं नाही, पण त्या दिवशी मात्र माझा जीव थाऱ्यावर नसायचा. आत गेल्यावर बाई उजव्या बाजूला इस्त्री ठेवायच्या, पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायच्या आणि रेघेचा आकडा बघायच्या. मग अंधारातूनच एक शब्द यायचा, "वाढली!" बाई तो शब्द इतक्या आनंदानं उच्चारायच्या की बाहेर बसलेल्या मंदाताईसुद्धा "वाढली का?" म्हणून डोकं आत घालायच्या. चांगली बातमी अंधारात सांगायला बाईंची हरकत नव्हती. परतीच्या गाडीत मी तनूला मागेल ते खायला घ्यायची.

तनू मोठी होत गेली तशी बाईंशी बरोबरीनं बोलायला लागली. शाळेत तिला हसतात का, पाण्याची बाटली घेऊन जाते का, लघवी तुंबवून तर ठेवत नाही ना, हे बाई तिलाच विचारायच्या, मला नाही. तिच्या शाळेत मुलींच्या संडासाला कडी नव्हती म्हणून ती दिवसदिवस जात नव्हती, हे मी स्वतः शिक्षिका असून मला माहीत नव्हतं. बाईंना पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी त्यांनी मला दिवा लावून चांगलं फैलावर घेतलं, आणि पुढच्याच आठवड्यात मी त्या शाळेतल्या सरांना घेतलं. कडी लागली.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. दवाखान्याच्या वरच राहायच्या. लोक त्याविषयी काहीबाही बोलत, मी कधी विचारलं नाही. एकदा मात्र मी विचारलं की पुण्यात एवढी मोठी हॉस्पिटलं असताना तुम्ही इथं का राहिलात. त्या म्हणाल्या, "तनूची आई, मी काही बरं करत नाही कुणाला. मी फक्त बघते. सगळ्यांच्या आधी मला दिसतं आणि मग मला ते आईला सांगावं लागतं. पुण्यात मी कुणाची कोण असते? इथं निदान मला त्या पोराचं नाव माहीत असतं." आणि मग त्यांनी मला वेल्ह्याच्या बाजूच्या एका मुलाबद्दल विचारलं. त्याच्या किडनीला सूज होती, घरचे कामासाठी कुठेतरी निघून गेले, पुन्हा आलेच नाहीत. वेल्ह्याकडून कुणीही आलं की त्या त्याची चौकशी करायच्या. तो मुलगा मला माहीत नव्हता. "असू दे," म्हणाल्या, "मोठा झाला असेल." तसं त्यांना वाटत नव्हतं, हे मला कळत होतं.

बाईंना जाऊन आता दोन पावसाळे झाले. मंदाताईंचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. पोरांना गणितं घालून दिली आणि बाहेर व्हरांड्यात उभी राहून रडले. सासूबाईंचे गुडघे धरलेले, तरी त्या म्हणाल्या, "म्या बी येती." नीरेच्या काठी एवढी गर्दी जमली होती की बाहेरगावचा एकजण विचारत होता, कोण पुढारी गेले? गर्दीत बायकाच जास्त होत्या, आणि त्यांच्या शेजारी त्यांच्याहून उंच झालेली पोरं. सासूबाई सगळं होईपर्यंत उभ्या होत्या. परत येताना एवढंच म्हणाल्या, "आपल्या पोरीचं आतलं समदं ठावं व्हतं तिला. आता कुनाला इचारायचं?" तनू खिडकीबाहेर बघत होती. तिनं बाईंसाठी रडायला सुद्धा बरेच दिवस घेतले.

पण त्याआधीची शेवटची भेट सांगायची आहे. बाई फार खंगल्या होत्या. साडी अंगावर नुसती गुंडाळल्यासारखी दिसत होती. दवाखाना सकाळी थोडाच वेळ उघडा असायचा. मी काही विचारण्याआधी त्याच म्हणाल्या, "घाबरू नका. मला माहीत आहे काय आहे ते. इतकी वर्षं सगळ्यांची पोटं बघितली, आपलं बघायचं राहिलंच होतं. परवा बघितलं." ते त्यांनी अशा सुरात सांगितलं, जसं काही कपाट उघडून बघितल्यावर आत झुरळ निघालं. "बरं होईल ना?" असं काहीतरी मी बोलले. "नाही," बाई म्हणाल्या, "चला तनूबाई, झोपा."

तनू तेव्हा पंधरा वर्षांची. स्वतःच टेबलावर चढून ओढणी बाजूला करून पडली. बाईंनी जेल हातावर घेतलं आणि चोळत राहिल्या. त्यांच्या हातात आता ऊबच नव्हती, जेल काही कोमट होईना. तनू म्हणाली, "असू दे बाई, मला चालतं गार." बाईंनी उजवीकडे रेघ ओढली. आकडा बघितला. पुसला. पुन्हा ओढली. तनूला कुशीवर वळवून ओढली, श्वास धरायला लावून ओढली. मी पायाशी उभी होते. बाई गप्प होत्या आणि या वेळी मला त्याचा अर्थ ठाऊक होता.

तनूनंच विचारलं, "वाढली का बाई?"

त्यांनी पहिल्यांदाच नियम मोडला. दिवा लावला नाही, तिला बाहेर पाठवलं नाही. तनूच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "नाही गं राणी. या वेळी नाही वाढली."

तनू उठून बसली, पोट स्वतःच पुसलं. मग बाईंनी दिवा लावला आणि तिला खरं ते सगळं सांगितलं. उजवी थकत चालली आहे. रक्त तपासत राहायचं, औषधं चुकवायची नाहीत, पुण्याच्या डॉक्टरांना लगेच दाखवायचं. अजून वेळ आहे, बरीच वर्षंही जातील. तनूनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या वयाला ते ऐकणं शोभत नव्हतं. "वर माझ्या खोलीत पुस्तकं आहेत," बाई म्हणाल्या, "मंदाला घेऊन जा आणि हवी तेवढी काढून घे. आईची पाठ दुखते ना, तेवढी बघते मी."

माझी पाठ दुखत नव्हती. तनू वर गेली तशी बाईंनी दिवा पुन्हा मालवला. "झोप तू आता," म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांनी 'तू' म्हटलं. मी म्हटलं, "बाई, मला काय झालंय?" "काही झालेलं नाही. झोप."

मी तनूच्या जागी झोपले. टेबलावरचा कागद अजून तिच्या अंगानं ऊबदार होता. बाईंनी माझ्या उजव्या कुशीत बघितलं, रेघ ओढली. मला वळवून डावीकडे बघितलं, रेघ ओढली. अगदी सावकाश, पोरांचं बघायच्या तितक्याच मायेनं. मला काहीच उमगत नव्हतं.

"दोन्ही छान आहेत," त्या म्हणाल्या. "निरोगी आहेत अगदी." मग जरा वेळानं विचारलं, "तुझा रक्तगट काय गं?"

"बी पॉझिटिव्ह."

"तनूचाही तोच."

तेव्हा मला कळलं. मी पडल्या पडल्याच रडायला लागले. बाई मला थोपटत राहिल्या, जेल लागलेल्या हातांनी माझं पातळ चिकट करत. त्याही रडत होत्या. "आज नाही," म्हणाल्या, "लगेच नाही. होईल तेवढं लांबवायचं. पण लागेल तेव्हा मी नसेन, म्हणून आत्ता बघून ठेवलं. पुढे सगळ्या तपासण्या पुण्याला होतीलच. मला दिसलं ते मी सांगितलं. आता जप. मीठ कमी खा. डोकं दुखलं की ऊठसूट गोळी घेऊ नकोस, शिक्षिका लोकांना फार सवय असते. बीपी बघत जा. वजन वाढवू नकोस. कळलं ना?"

मी मान हलवली. त्यांनी माझं पोट पुसलं, दिवा लावला आणि मला धरून उठवलं. खरं म्हणजे त्यांनाच धरायला हवं होतं.

तनू दोन पुस्तकं घेऊन खाली आली होती. स्टँडवर गाडीची वाट बघताना तिनं विचारलं, "आई, तुझं काय निघालं?" मी म्हटलं, "काही नाही. सगळं छान आहे म्हणाल्या." "मग तू रडतेस कशाला?" तेवढ्यात गाडी लागली आणि जागा धरायच्या धांदलीत ते तिथंच राहिलं. तिला मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती आत्ताच नको म्हणेल, मला ती चांगली माहीत आहे.

तनू आता बारावीला आहे. दर महिन्याला रक्त तपासतो. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, अजून वेळ आहे. मी जेवताना वरून मीठ घेत नाही, सासूबाईंनी लोणच्याची बरणी माझ्यापुरती बंद केली आहे, का म्हणून त्यांनी विचारलेलं नाही. शाळेतून आल्यावर डोकं ठणकतं, तशीच पडून राहते, गोळी घेत नाही. जन्मात कधी स्वतःच्या जिवाला जपलं नव्हतं, आता काचेच्या भांड्यासारखी जपते. माझ्या दोन किडन्यांतली एक तनूची आहे आणि वेळ येईपर्यंत ती माझ्याकडे आहे, असंच मी धरून चालते. हे बाईंना एकदा सांगायला हवं होतं.